पडदा लुकलुकला म्हणून पीकपेरा विझू नये



२०२५ चा सप्टेंबर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी, धुऱ्यावर, आम्ही चौघे एका मोबाईलभोवती गोळा झालो होतो. आठ दिवसांच्या झडीनंतर उघाड पडली होती. कपाशीची पातेगळ झालेली, खालची बोंडे काळवंडलेली. पण त्या घडीला कपाशीकडे कोणाचे लक्ष नव्हते. ई-पीक पाहणीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते आणि काकांचा फोन लपलप करत होता. ॲप उघडले, गट नंबर निवडला, फोटो काढायला कॅमेरा उघडला की पडदा दोनदा उजळायचा, काळा पडायचा आणि मधोमध हिरवी रेघ उमटायची. फोन मुलाने वापरून झाल्यावर पुण्याहून पाठवलेला. सहा वर्षांचा.

"भाऊ, चार दिवसांपासून असाच करून राह्यला," काका म्हणाले. "तालुक्याचा दुकानवाला म्हणते, फोल्डर गेला. चोवीसशे लागतीन."

फोल्डर म्हणजे पडदा, त्यावरची काच आणि टच मिळून एकत्र येणारा भाग. चोवीसशे रुपये म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो पुरता पदरात पडला असे धरले तरी तीस किलो कापूस झाला. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये होता. त्या हिशेबाने पासष्ट किलो ज्वारी. एका काचेपायी घरातली पासष्ट किलो ज्वारी जाणार होती.

मी फोनचे रबरी कव्हर काढून फोन सपाट दगडावर ठेवला. तो पाळण्यासारखा डुलला. पाठ मधोमध फुगली होती, कडेला नखभर फट पडली होती. बॅटरी आतून फुगून पडद्याला ढकलत होती. फोन तिथेच बंद केला. काकांचे सिम त्यांच्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातले. शेजाऱ्याच्या फोनवरून काकांच्या गटाची पाहणी करून टाकली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका कारागिराने सातशे रुपयांत बॅटरी बदलली आणि पडदा स्थिर झाला. चोवीसशे देऊन फोल्डर बदलला असता तर तीच फुगलेली बॅटरी नव्या फोल्डरलाही ढकलत राहिली असती. पैसे गेले असते, मुदत गेली असती, आणि एखाद्या दिवशी छातीशी असलेल्या खिशात त्या बॅटरीने पेटही घेतला असता.

चळवळीच्या पत्रकात मोबाईल दुरुस्तीवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. भावाचा प्रश्न संपला काय? संपलेला नाही. पण भाव मागायला ज्या दारातून जायचे ते दार आता या पडद्यात बसवले आहे. म्हणून हा पडदा का लुकलुकतो, हेही शेतकऱ्याला कळले पाहिजे.

पेन सरकारचे होते, पडदा आपला आहे

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात आपण काय पेरले ते आपणच नोंदवायचे. हे तत्त्व चांगले आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. तलाठी चावडीवर बसून गावभर एकच पीक लिहून टाकायचा, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले. ज्वारी पेरणाऱ्याच्या सातबारावर भलतेच पीक निघायचे आणि दुष्काळाच्या मदतीवेळी तो हात चोळत बसायचा. त्यापेक्षा आपली नोंद आपल्या हातात असणे कितीतरी बरे.

पुढे मात्र एकेक कागद फोनमध्ये गेला. पीएम-किसानच्या हप्त्यासाठी ई-केवायसी आली. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच वर्षी भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करा, असे सांगितले. आधार, सातबारा, ओटीपी, मग केंद्रावर जायची तारीख. नोंदणीची पहिली मुदत ३० सप्टेंबर होती. ती पुढे वाढवावी लागली. म्हणजे त्या सप्टेंबरात काकांची पाहणीही त्या एका पडद्यावर होती आणि कापसाचा हमीभावही.

पूर्वी नोंद लिहायचे पेन सरकारचे, वही सरकारची. शाई संपली तर तलाठ्याने दुसरी दौत आणायची. आता पेनही शेतकऱ्याचे, वहीही शेतकऱ्याची. आणि शाई संपली तर दोष शेतकऱ्याचाच, कारण त्याने मुदतीत नोंद केली नाही! उत्पादन खर्चाचे तक्ते मी शिकताना पाहिले आणि नंतर चळवळीत भांडतानाही पाहिले. त्यात बी आहे, खत आहे, मजुरी आहे, बैलजोडी आहे. फोनचा रकाना मला कधी दिसला नाही.

लाल्या आणि लपलप

कपाशीवर लाल्या दिसला की काही दुकानदार लगेच टॉनिकची बाटली काढतो. पान लाल झाले एवढेच तो ऐकतो. पण लाल्या हे लक्षण आहे. कारणे अनेक असतात. शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला तर मॅग्नेशियम कमी पडले असेल. कडा लाल होऊन पान खाली वळले तर तुडतुडे रस शोषत असतील. शेतात पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला असेल, बोंडे भरताना नत्र कमी पडले असेल, रात्रीची थंडी एकाएकी वाढली असेल. एकाच्या औषधाने दुसरे बरे होत नाही. म्हणून पान उलटून पाहायचे, शेजारचे झाड पाहायचे, माती हातात घ्यायची, आणि मग खिशाला हात घालायचा.

पडद्याचे तसेच आहे. लपलप हे लक्षण. कारण बॅटरीत असेल, चार्जरमध्ये असेल, एखाद्या ॲपमध्ये असेल, आतल्या पट्टीत असेल. आणि सगळ्यात महाग कारण, म्हणजे पडदाच फुटलेला असणे, हे त्यातले फक्त एक. दुकानात मात्र सगळ्यांना औषध एकच मिळते: फोल्डर.

पिकाची पाहणी करताना आपण विचारतो: केव्हापासून, कशानंतर, शेताच्या कोणत्या भागात? फोनलाही तेच विचारा. पडल्यानंतर सुरू झाले? भिजल्यानंतर? नवे ॲप घेतल्यानंतर किंवा अपडेट आल्यानंतर? फक्त चार्जिंगला लावल्यावर होते, की फक्त उन्हात? निम्मे निदान या उत्तरांतच होते. उरलेले खालच्या क्रमाने करा. क्रम मुद्दाम लावला आहे: आधी जीव, मग फुकटचे उपाय, मग स्वस्त, शेवटी महाग.

एक. पाठ पाहा. कव्हर काढा, फोन सपाट जागी ठेवा. डुलतो का? कडेला फट आहे का? असेल तर बॅटरी फुगली आहे. फोन बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. दाबून पाठ बसवू नका, टाचणी टोचू नका. ती बॅटरी चुलीत, उकिरड्यावर किंवा पोरांच्या हाती जाता कामा नये. आत लिथियम असते. ती एकदा पेटली की लवकर विझत नाही. ती कारागिराकडूनच काढून घ्या. बाकीच्या तपासण्या पाठ सपाट असेल तरच करायच्या.

दोन. चार्जर काढून पाहा. लपलप फक्त चार्जिंगवेळी होत असेल तर संशय चार्जरवर आणि केबलवर घ्या. बाजारातला हलका चार्जर वीज नीट गाळून देत नाही. त्यात आपल्याकडचा विजेचा दाब कधी दिवा जळेल इतका, कधी पंखा फिरणार नाही इतका. अशा वेळी पडदा लुकलुकतो, टच आपोआप चालतो, न दाबलेले बटण दाबले जाते. दुसऱ्याचा चांगला चार्जर लावून पाहा. चार्जिंगच्या भोकात कापसाचे तंतू आणि ज्वारीचा भुसा बसतो. फोन बंद करून कोरड्या मऊ ब्रशने ते काढा. सुई-टाचणी आत घालू नका.

तीन. उजेडाची सेटिंग पाहा. फोनच्या वरच्या बाजूला उजेड मोजणारा बारीक डोळा असतो. ऑटो ब्राइटनेस चालू असेल तर उन्हातून लिंबाच्या सावलीत आल्यावर फोन स्वतःच उजेड कमी-जास्त करतो. त्या डोळ्यावर धूळ, घाम किंवा जाड टेम्पर्ड ग्लास आली की तो गोंधळतो आणि पडदा मंद-तेज होत राहतो. ऑटो ब्राइटनेस बंद करा, उजेड हाताने ठरवा. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात फोन तापला की तो आपणहून पडदा मंद करतो. दहा मिनिटे सावलीत ठेवला की ताळ्यावर येतो. काही फोनना ॲमोलेड जातीचा पडदा असतो. त्यातले पुष्कळ उजेड कमी ठेवला की सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होत असतात. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर काळे पट्टे सरकताना दिसतात. तो बिघाड नव्हे, त्या पडद्याची चालच तशी आहे. डोळ्यांना त्रास होत असेल तर उजेड थोडा वाढवा.

चार. फोन बंद करून पुन्हा चालू करा. फरक पडला नाही तर स्क्रीनशॉट घ्या. ही परीक्षा फुकटची आहे आणि सगळ्यांत मोलाची आहे. लपलप चालू असताना पॉवरचे बटण आणि आवाज कमी करायचे बटण एकाच वेळी दाबा. असे तीन-चार वेळा करा. मग ते फोटो दुसऱ्याच्या फोनवर पाठवून तिथे पाहा. फोटोतही रेघा असतील तर दोष आतल्या प्रोग्राममध्ये आहे, काचेचा त्यात काही संबंध नाही. फोटो स्वच्छ असतील तर दोष बहुधा पडदा, पट्टी किंवा बॅटरीत आहे. असे का? स्क्रीनशॉट हा काचेचा फोटो नसतो. फोनच्या मेंदूने जे चित्र तयार केले त्याची ती नक्कल असते. वाफ्यात पाणी येत नसेल तर आपण आधी विहिरीवर जाऊन पाहतो. मोटार पाणी फेकते आहे ना? मग पाइप कुठेतरी फुटला आहे. हे तसेच.

पाच. प्रोग्रामचा दोष निघाला तर सेफ मोड लावा. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचे बटण धरून ठेवायचे आणि पडद्यावर ‘पॉवर ऑफ’ आले की त्यावरच बोट दाबून धरायचे. सेफ मोडची विचारणा होते. या मोडमध्ये आपण बाहेरून घेतलेली ॲप झोपलेली असतात. लपलप थांबली तर चोर त्यांच्यातच आहे. फोन नेहमीसारखा चालू करा आणि अलीकडे घेतलेली ॲप एकेक काढून पाहा. फोन साफ करणारी, वेग वाढवणारी, पडदा पिवळा करणारी, पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आधी काढा. सुप्रभातचे व्हिडिओ पुसून जागा मोकळी करा. जागा भरलेला जुना फोन दमेकऱ्यासारखा चालतो. अपडेट बाकी असेल तर घ्या. ‘फॅक्टरी रिसेट’ मात्र कोणी सांगितले म्हणून लगेच करू नका. त्यात फोटो, नंबर, आणि न पाठवता फोनमध्ये राहिलेली पीक पाहणीची नोंद, सगळे पुसले जाते.

सहा. फोटो स्वच्छ आणि पाठ सपाट असेल तर फोन पडला होता का ते आठवा. कडेला हलके दाबल्यावर किंवा फोन थोडा कलता केल्यावर लपलप कमी-जास्त होते का? होत असेल तर पडद्याला आत जोडणारी पट्टी सैल झाली असण्याचा संभव मोठा. कारागीर फोन उघडून पट्टी काढून पुन्हा बसवतो. हे काम नव्या फोल्डरपेक्षा कितीतरी स्वस्तात होते. काळा डाग रोज पसरत असेल, आतली काच तडकली असेल, तरच फोल्डर गेला असे समजा.

आणि भिजलेल्या फोनबद्दल. तो तांदळात किंवा ज्वारीच्या कोठीत पुरायची पद्धत पडली आहे. त्याने फोन वाळत नाही, उलट दाण्यांवरची धूळ भोकांत जाते. फोन बंद करा, सिमचा कप्पा काढा, पुसा, सावलीत वाऱ्यावर ठेवा. चुलीजवळ नको, उन्हातही नको. फवारणीच्या वेळी फोन अंगावर ठेवूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसे दगावली, ते विसरण्यासारखे नाही. औषधाच्या हाताने फोन कानाला लावणे म्हणजे ते औषध गालाला पुसणेच आहे.

दुकानात जाताना

सिम आणि मेमरी कार्ड घरी काढून ठेवा. यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नका. फोन दुरुस्त करायला तो लागत नाही. कारागिराला सांगा: आधी पट्टी बसवून पाहा, मग नवा फोल्डर न चिकटवता नुसता जोडून दाखवा. त्यावर लपलप थांबली तरच पैसे ठरवा. कंपनीचा भाग आहे की कॉपी, हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. ॲमोलेडच्या जागी साधा पडदा बसवला तर उजेड कमी पडतो आणि बॅटरी लवकर उतरते. जुना भाग परत मागा.

किती खर्च करायचा? दुबार पेरणी करायची की नाही हे आपण जसे उरलेल्या दिवसांवरून ठरवतो, तसेच इथेही ठरवा. तसाच जुना फोन बाजारात जेवढ्याला मिळतो, त्याच्या निम्म्याहून जास्त दुरुस्ती असेल तर करू नका. ज्या फोनमध्ये लागणारी ॲप बसतच नाहीत, त्यावर फोल्डरचा खर्च करणे म्हणजे करपलेल्या पिकाला युरिया देणे. मी जुन्याचा भक्त नाही. पण निदान झाल्याशिवाय नवा फोन हप्त्यावर घेऊ नका. खताची उधारी, कृषी केंद्राची उधारी, त्यात फोनचा हप्ता. कापूस घरात येण्याआधीच विकला गेलेला असतो.

मुदत जवळ आली असेल तर एवढे लक्षात ठेवा: आधारशी जोडलेला नंबर सिममध्ये आहे, पडद्यात नाही. सिम बटणाच्या फोनमध्ये घातले तरी ओटीपी येतो. पीक पाहणी दुसऱ्याच्या फोनवरून करता येते. एका फोनवर अनेक खातेदारांची नोंद होते. पीएम-किसानची ई-केवायसी सेवा केंद्रावर अंगठा देऊन होते. पडदा गेला म्हणून सगळे गेले असे समजून घरी बसू नका.

कारागीर आपला शत्रू नाही

ज्याने काकांना चोवीसशे सांगितले त्याला मी शिव्या देणार नाही. तोही शेतकऱ्याचाच पोरगा असतो; तीन एकरांत भागत नाही म्हणून टेबल टाकून बसलेला. सहा वर्षांच्या फोनचा खरा भाग त्याला कंपनी सहसा विकत नाही. आतला नकाशा त्याला मिळत नाही. मग तो जे मिळते ते बसवतो आणि जे सोपे ते सांगतो. खरा प्रश्न वर आहे. वस्तू पूर्ण पैसे देऊन माझी झाली, तर ती उघडायचा, दुरुस्त करायचा हक्क माझा का नाही?

हा प्रश्न जगभर शेतकऱ्यांनीच लावून धरला आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करता येईना, कारण त्याचा संगणक कंपनीच्या चावीशिवाय उघडेना. ते भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम आला: फोनच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत.

आपल्याकडे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची यंत्रे होती आणि मोबाईलही होते. २४ डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय ग्राहक दिनी पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आणि लुकलुकत्या पडद्यावर पोर्टल तरी कसे उघडायचे?

सरकारी माणूस म्हणेल, गावात पाहणीसाठी सहायक नेमले आहेत. नेमले, ते मान्य. पण शेवटच्या दोन दिवसांत साऱ्या गावाला एक सहायक पुरा पडतो काय? दुसरा म्हणेल, कागद पुन्हा आणला तर तलाठीराज पुन्हा येईल. येणार नाही, कारण आम्ही तलाठ्याला लिहायला सांगत नाही. आम्ही स्वतः लिहू. त्याने फक्त पोच द्यायची.

बैठकीसमोर चार गोष्टी

जिल्हा बैठकीत पुढच्या चार गोष्टींवर चर्चा व्हावी आणि ठराव व्हावेत, अशी माझी सूचना आहे.

पहिली. फोन बिघडला, रेंज नव्हती, ॲप चालले नाही, या कारणाने कोणाचीही पीक पाहणी किंवा हमीभावाची नोंदणी बुडू नये. मुदतीच्या आत शेतकऱ्याने हाताने लिहून दिलेले स्वयंघोषणापत्र ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, शिक्का-तारखेसह स्वीकारले जावे आणि ती तारीखच नोंदीची तारीख धरली जावी.

दुसरी. शेतकऱ्याला ज्या ॲपची सक्ती केली जाते ते जुन्या, कमी जागेच्या फोनवर चालले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयातल्या नव्या फोनवर चालले म्हणून झाले असे नाही. ते आपल्या धुऱ्यावर, आपल्या हातातल्या फोनवर तपासा.

तिसरी. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा व्हावा. फोन असो, ट्रॅक्टर असो की फवारणी पंप, सुटे भाग कोणत्याही कारागिराला, जाहीर किमतीला, मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत.

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची. प्रत्येक गावात दोन धडके फोन आणि दोन जाणती पोरे-पोरी ठरवून ठेवा. पाहणीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या नोंदी संपवा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्यातही ज्या बायांच्या नावावर शेत आहे पण हातात फोन नाही, त्यांच्या नोंदी आधी करा. विधवा बाईच्या नावची चार एकर पडीक दिसली तर मदतीच्या वेळी तिला कोणी विचारणार नाही. फुगलेल्या बॅटऱ्या घरात ठेवू नका. तालुक्याला जुन्या बॅटऱ्या गोळा करणारा कोण आहे ते शोधून तिथे पोचवा.

जिल्हा बैठकीला येताना नेहमीप्रमाणे सातबारा घेऊन या. ज्याचा फोन लपलप करतो त्याने तोही घेऊन यावा; फक्त पाठ फुगली असेल तर बंद करून, खिशात न ठेवता आणावा. जेवणाच्या सुट्टीत एक तास बसू आणि वरच्या क्रमाने एकेक पाहू. किती फोन फुकटात सुधारले, किती स्वस्तात सुधारतील आणि किती खरेच गेले, याची यादी करू. तीच यादी ठरावांना जोडून जिल्हाधिकाऱ्यांना देऊ. आपले रडगाणे ते नेहमी ऐकतात. या वेळी त्यांच्या हातात पंचनामा असेल, आणि तो आपण केलेला असेल.